रोलच्या कागदातील ऐब : दोष मालाचा की मशीनचा?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या आकाराचे फोटो छापणारी दुकाने आता जागोजागी दिसतात. लग्नाचे चार फुटी फोटो, कारखान्यांच्या स्वागतकक्षात लावायच्या तसबिरी, प्रदर्शनातील तक्ते, शाळांचे गट-फोटो हे सर्व काम शाई फवारणाऱ्या रुंद मशीनवर होते आणि त्यासाठी लागणारा कागद रोलमधून येतो. या धंद्यात आपले तरुणही उतरले आहेत. मशीन हप्त्यावर, जागा भाड्याची आणि कामाची मुदत कारखानदाराने ठरवलेली. अशा वेळी अर्धे काम झाल्यावर कागदावर डाग, रेघ किंवा लाट दिसू लागली की भांडण सुरू होते. कागदवाला म्हणतो, मशीन बिघडले आहे. मशीन दुरुस्त करणारा म्हणतो, कागद खराब आहे. ग्राहक म्हणतो, तुमचे तुम्ही पाहा, माझा माल मला वेळेवर द्या. नुकसान मात्र दुकानदाराचे होते, कारण दोष कोणाचा हे त्याला सिद्ध करता येत नाही.

माझा धंदा कापडाचा आहे. कागदाशी संबंध आला तो भोसरीत भाच्याने असे दुकान काढले त्यामुळे. परंतु ज्याने तीस वर्षे तागे उलगडून, उजेडासमोर धरून माल पारखला, त्याला रोलचा कागद फार परका वाटत नाही. कागदालाही काठ असतो, उभी-आडवी दिशा असते, गुंडाळताना कमी-जास्त ताण बसतो आणि ओल लागली की तोही आपला आकार सोडतो. म्हणून कापडाच्या नजरेने जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम हा कागद काय चीज आहे ते पाहू. फोटोसाठी बहुधा दोन प्रकारचा माल चालतो. एक चकचकीत किंवा दाणेदार पृष्ठाचा, ज्यात आतील कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथीनचा पातळ थर असतो आणि छपाईच्या बाजूला त्यावर शाई शोषणारा लेप असतो. यालाच बाजारात आरसी पेपर म्हणतात. दुसरा मॅट, ज्यात प्लास्टिकचा थर नसतो, लेप सरळ कागदावर असतो. रुंदी २४, ३६, ४४ किंवा ६० इंच, आतील पुठ्ठ्याची नळी दोन किंवा तीन इंची, लांबी फोटोच्या जाड कागदात साधारण ३० मीटर. छापणारे हेड या कागदापासून जेमतेम एक-दोन मिलिमीटर उंचीवरून आडवे धावते. एवढ्याशा फटीत कागदाची जरा लाट उठली तरी काम बिघडते.

ताणा आणि बाणा

कापडातील रेघ पाहिली की आम्ही आधी विचारतो, ही ताण्याची की बाण्याची? ताण्याची रेघ ताग्याच्या लांबीने पळते, बाण्याची रुंदीने. कागदावरील रेघेलाही हाच प्रश्न विचारावा, निम्मे भांडण तेथेच मिटते.

हेड रुंदीच्या दिशेने धावते. त्यामुळे त्याचे एखादे बारीक छिद्र, म्हणजे नोजल, बंद पडले तर रिकामी रेघ आडवी पडते. कागद पुढे सरकण्याचे माप चुकले तरीही आडव्याच पट्ट्या येतात. माप कमी पडले तर गडद, जास्त झाले तर फिक्या. म्हणजे आडवी पट्टी दिसली तर आधी नोजलची तपासणी-छपाई काढा, मग कागद सरकण्याचे माप जुळवा. कागदवाल्याला फोन करण्याची घाई करू नका. जाड कागदाचे माप पातळ कागदावर ठेवले तरी पट्ट्या येतात. हा दोष ना मशीनचा ना मालाचा, चालवणाऱ्याचा आहे.

लेप मात्र कारखान्यात कागद लांबीने धावत असताना चढतो. तेथे लेपाच्या धारेत कचरा अडकला तर रेघ लांबीने पडते, मीटरच्या मीटर, काठापासून त्याच अंतरावर. अशी उभी रेघ दिसली की कोरा कागद तिरप्या उजेडात धरा. छपाईच्या आधीच रेघ दिसत असेल तर दोष मालाचा, यात वाद नाही. कोऱ्यावर दिसत नसेल तर थोडे थांबा. मशीनमध्ये हेडला जागा दाखवणारी एक पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर शाईचा शिंतोडा बसला तरी उभ्या दिशेत गडबड दिसते, आणि कागद दाबणाऱ्या लहान चाकांचेही उभे माग उठतात. चाकांचा माग ओळखणे सोपे आहे. चाके जेथे आहेत बरोबर त्याच रेषेत तो असतो.

यातही शंका राहिली तर रोलमधून दोन हात कागद कापून घ्या आणि उलट टोकाकडून मशीनमध्ये घाला, म्हणजे डावा काठ उजवीकडे जाईल. डाग कागदाबरोबर बाजू बदलून गेला तर कागदाचा, जागीच राहिला तर मशीनचा. हे करायला पाच मिनिटे लागतात. लोक पाच दिवस भांडतात पण हे करीत नाहीत.

मोजपट्टीने सुटलेला वाद

आता भाच्याच्या दुकानातील एक प्रकार सविस्तर सांगतो, कारण यात शिकण्यासारखे आहे. चाकणमधील एका कारखान्यासाठी प्रदर्शनाचे तक्ते छापायचे होते. नवा रोल लावला आणि डाव्या काठापासून सुमारे वीतभर आत एक अर्धचंद्रासारखा डाग येऊ लागला. थोड्या अंतराने पुन्हा तोच, पुन्हा तोच. कागद देणाऱ्याचे उत्तर तयार होते, "डाग पुन्हा पुन्हा येतो म्हणजे तुमच्या मशीनचा रूळ खराब आहे." भाचाही घाबरला. मला म्हणाला, "मामू, रूळ बदलायचा तर आठवडा जाईल."

मी त्याला म्हटले, बेटा, आधी मोजपट्टी आण. छापलेले सर्व तक्ते जसे निघाले तसे क्रमाने जमिनीवर मांडले आणि डागापासून डागापर्यंतचे अंतर मोजत गेलो. सुरुवातीचे अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास होते. दहा डाग पुढे गेल्यावर ते दीड सेंटिमीटरने कमी भरले, आणखी दहा डागांनंतर आणखी दीडने. शिवाय डाग हळूहळू फिका होत होता.

याचा अर्थ असा. मशीनचा रूळ काही झिजून रोज लहान होत नाही. रुळाचा व्यास तीन सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर, म्हणजे व्यास गुणिले ३.१४, साडेनऊ सेंटिमीटरच्या जवळ येतो आणि त्याच्यावरील खोटीचा डाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत साडेनवावरच पडेल. अंतर कमी होत जाते ते रोलचे, कारण कागद संपत जातो तसा रोलचा घेर घटतो. पाव मिलिमीटर जाडीच्या कागदाचा ३० मीटरचा रोल तीन इंची नळीवर असेल तर बाहेरचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास आणि नळीजवळचा सव्वीसच्या आसपास भरतो. दर वेढ्याला घेर सुमारे दीड मिलिमीटरने उतरतो, दहा वेढ्यांना दीड सेंटिमीटर. आमच्या जमिनीवर हाच हिशेब मांडलेला होता.

डाग फिका होत जाणे ही दुसरी साक्ष. रोलला बाहेरून मार बसला तर पोचा वरच्या थरात खोल आणि आतल्या थरात उथळ असतो, म्हणून छापता छापता डाग मावळतो. उलट नळीवरच काही उंचवटा असेल, चिकटपट्टीची गाठ किंवा खडा, तर डाग सुरुवातीला मुळीच दिसत नाही आणि रोल संपत येतो तसा गडद होत जातो. म्हणजे डागाची चाल पाहून मार बाहेरचा की आतला हेही कळते.

मार बाहेरचा होता हे ठरले, पण तो बसला कोठे? आमच्या दुकानात रोल पडला नाही याची खात्री कागदवाल्याने का मानावी? त्याच खेपेतील दुसरा रोल अजून बंद खोक्यात होता. तो आम्ही उघडला नाही. कागदवाल्याच्या माणसाला बोलावले आणि त्याच्याच हाताने उघडायला लावला. खोक्याला बाहेरून ओरखडाही नव्हता, आणि रोलवर काठापासून तेवढ्याच अंतरावर तसाच पोचा. दोन रोलना एकाच जागी मार बसतो तो खोक्यात भरण्याच्या आधी. माणूस काही बोलला नाही, लेबलाचा फोटो काढून घेऊन गेला.

ओल आणि कोरडेपणा

आपल्या भागात सर्वांत जास्त कागद बिघडतो तो हवेने. जगभर कागदाची तपासणी २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के दमटपणा असलेल्या खोलीत करण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील दमटपणा ऐंशीच्या वर जातो आणि एप्रिलच्या दुपारी तीसच्याही खाली उतरतो. म्हणजे एकच कागद एकाच दुकानात दोन देशांत राहतो म्हणा ना.

कागदाचे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने निजलेले असतात. ओल लागली की तंतू लांब होण्यापेक्षा जाड जास्त होतो, म्हणून कागद रुंदीला अधिक पसरतो. पण रोलमध्ये ओल सगळीकडे सारखी शिरत नाही. ती दोन्ही कापलेल्या काठांतून शिरते. आरसी पेपरला दोन्ही अंगांनी प्लास्टिक असले तरी काठ उघडाच असतो. काठ फुगतात, मधला भाग होता तसाच राहतो, आणि काठांना झालरीसारख्या लाटा येतात. कोरड्या हवेत उलट घडते. काठ आक्रसून ताणले जातात आणि मधले पोट सैल पडते. कापडवाल्यांना हे नवे नाही. एक काठ घट्ट आणि एक ढिला असलेला तागा टेबलावर सरळ पसरत नाही, हा तसाच प्रकार.

लाट उठलेल्या काठाला धावते हेड घासते. त्याची खूण म्हणजे काठाजवळ शाईचे काळपट फराटे, ज्यांना ठराविक अंतर नसते. तेथे ताबडतोब मशीन थांबवावे. फोटो पुन्हा छापता येतो, पण घासलेल्या हेडचा खर्च महिन्याची कमाई घेऊन जातो. तेवढे काम काढायचेच असेल तर हेडची उंची एक पायरी वाढवावी आणि काठ रुंद सोडावा. छपाईची धार थोडी मऊ होते, पण काम सुटते. मॅट कागदावर गडद रंग भरपूर असला तर शाईच्या ओलीनेही कागद मध्येच फुगतो. तेथे कागदाला दोष न देता मशीनमध्ये कागदाचा योग्य प्रकार निवडला आहे का ते पाहावे, चुकीच्या निवडीने शाई जास्त पडते.

भिवंडीच्या गोदामातून पावसाळी रात्री टेम्पोने आलेला रोल सकाळी लगेच मशीनवर चढवू नये. पिशवी न उघडता तो छपाईच्या खोलीतच एक दिवस राहू द्यावा. थंड खोलीतून गरम जागी नेल्यावर लगेच पिशवी फोडली की ओल धरते. काम संपल्यावर उरलेला रोल मशीनवर रात्रभर लटकत ठेवू नये. उतरवून, मूळ पिशवीत घालून, तोंड बंद करून, आडवा, दोन टोकांच्या आधारावर ठेवावा. उभा केला तर सगळा भार खालच्या काठावर येतो आणि फरशीची ओलही तोच काठ पितो. शक्य असल्यास खोलीत दमटपणा दाखवणारे घड्याळ लावावे. चाळीस ते साठ टक्के यांच्या मध्ये काटा राहिला की पुष्कळ कटकटी आपोआप कमी होतात.

पांढरे ठिपके

गडद निळ्या किंवा काळ्या रंगात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तळेगाव-चाकण रस्त्यालगतच्या दुकानात अवजड गाड्यांची धूळ येते, भोसरीत शेजारच्या शेडमधून ग्राइंडिंगचा बारीक कीस येतो. धुळीचा कण कागदावर बसतो, शाई त्याच्यावर पडते, वाळल्यावर कण उडून जातो आणि खाली पांढरे राहते. लेपातच खड्डा असेल तरी ठिपका पांढराच दिसतो. फरक भिंगाने कळतो. कापडातील दोरे मोजायचे आमचे पिकग्लास यासाठी उत्तम आहे. ठिपक्याची जागा गुळगुळीत आणि सभोवारच्या पातळीतच असेल तर तो धुळीचा. तिरप्या उजेडात खळगा दिसत असेल तर लेपाचा. आणि ठिपक्याच्या कडा पुसट, शाई पसरलेली असेल तर तेथे बोटाचा तेलकट स्पर्श झाला आहे. छपाईच्या बाजूला उघडा हात लावू नका, सुती हातमोजे घाला, हे मुलांना दहा वेळा सांगावे लागते.

रोल कापताना सुरी बोथट असेल तर कागदाचाच भुसा पडतो आणि पुढच्या फोटोवर जाऊन बसतो. मशीनची स्वतःची सुरीही झिजते. उन्हाळ्यात कोरड्या हवेने कागदावर वीज साठते आणि धूळ ओढली जाते, म्हणून हे ठिपके मार्च-एप्रिलमध्ये वाढतात. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. झाडू धूळ काढत नाही, हवेत उडवतो.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. रोलचा पहिला वेढा चिकटपट्टीमुळे बहुधा खराब असतो, तो कापून टाकावा. नळीजवळच्या शेवटच्या मीटर-दोन मीटरला घट्ट वळण बसलेले असते, तेथे मोठे काम घेऊ नये, लहान फोटो काढावेत. आणि कागद छापता छापता तिरका पळत असेल तर आधी पाहावे की रोल दांड्यावर बाजूच्या टोपीला पूर्ण टेकला आहे की नाही. कागदाचे थर मुळातच बाजूने पुढे-मागे सरकलेले असतील तर मात्र तो गुंडाळणाऱ्याचा दोष.

सब्लिमेशनचे काम करणाऱ्यांसाठी एवढेच, की त्यांचा पातळ कागद ओल फार लवकर धरतो. दमट कागद २०० अंशांच्या प्रेसखाली गेला की वाफ उठते आणि कपड्यावर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी उतरतो. टी-शर्टवाल्याला वाटते कापडात तेल होते, आणि शिव्या आम्हाला मिळतात.

तक्रार कशी करावी

कापडाच्या निर्यातीत दोष मोजायची चार गुणांची पद्धत चालते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नवापर्यंत तीन, त्यापुढे चार, आणि शंभर चौरस वारांना सर्वसाधारणपणे चाळीस गुणांपर्यंत माल चालवून घेतात. ४४ इंची ३० मीटरचा रोल चाळीस वारांचा भरतो. कापडाच्या हिशेबाने त्यात सोळा गुणांचे दोष माफ होतील. दर्जी दोष टाळून कापतो, पण फोटोवाला नवरीच्या चेहऱ्यावरचा डाग टाळून कसा कापणार? म्हणून कागद घेतानाच काय चालेल आणि काय नाही हे बोलून, शक्यतो लिहून घ्यावे.

१९३० चा माल विक्री कायदा अजून लागू आहे. त्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरीदारने माल स्वीकारला असे धरत नाहीत. पण ४२ व्या कलमाप्रमाणे वाजवी मुदतीत नापसंती न कळवता माल ठेवून घेतला, किंवा तो आपलाच असल्यासारखा वापरला, तर स्वीकारला असे धरतात. आणि १६ वे कलम सांगते की तुम्ही माल तपासून घेतला असेल तर तपासणीत सहज दिसला असता असा दोष नंतर काढता येत नाही. लपलेला दोष मात्र काढता येतो. याचा अर्थ सरळ आहे. डाग दिसल्यावरही "पाहू पुढे" म्हणत अख्खा रोल छापून संपवला तर बाजू कमजोर होते. पहिल्या दोन मीटरला थांबा, त्याच दिवशी लेखी कळवा. खोक्यावरचे लेबल आणि बॅच नंबर जपा, छापलेला एक तुकडा आणि त्याच रोलचा एक कोरा तुकडा बाजूला ठेवा, डागांची अंतरे लिहून ठेवा.

शरीअतमध्येही ऐबदार माल परत करण्याचा खरीदारचा हक्क मानलेला आहे, आणि विकणाऱ्यावर ऐब सांगण्याची जिम्मेदारी आहे. मुस्लिम शरीफमधील रिवायत सर्वांना ठाऊक आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणाऱ्याने सांगितल्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली. रोलही तसाच आहे, वर कोरडा आणि आत काय ते अल्लाह जाणे.

पण हे दोन्ही बाजूंना लागू आहे. भाच्याने परत पाठवायला त्या दिवशी तीन रोल काढून ठेवले होते. दोन पोचे पडलेले. तिसऱ्याला पोचा नव्हता, काठाला लाटा होत्या, आणि एकाच काठाला. पिशवी न घालता तो जुलैभर भिंतीला टेकून उभा होता, भिंतीला पोपडे आलेले मी स्वतः पाहिले होते. भाचा म्हणाला, "मामू, तिन्ही एकाच खेपेचे आहेत, त्यांना काय कळणार?" मी म्हटले, त्यांना कळणार नाही, तुला तर कळते. तिसरा रोल बाजूला काढला आणि दोघांचेच पत्र लिहिले.

कागदवाल्याने दोन रोल बदलून दिले. शाईचे आणि वाया गेलेल्या दिवसाचे काही दिले नाही, आम्हीही ताणले नाही. तिसऱ्या रोलचा लाट आलेला काठ चार बोटे कापून भाच्याने त्यावर शाळेचे गट-फोटो छापले. आता खोके आले की माल आणणाऱ्या पोराला चहा देऊन बसवतात, त्याच्यासमोर पिशवी फोडून मीटरभर कागद तिरप्या उजेडात पाहतात आणि मगच चलनावर सही करतात.